भुंगा तुमचा, बुरशी त्यांची, झाड कुणाचं?

मा. संचालक, राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो, बंगळुरू
आणि मा. संचालक, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र, सोलापूर
यांस,

एकाच पत्रात दोघांना गाठतोय, कारण माझं गाऱ्हाणंच दोन दारांचं आहे. मी मूळचा सांगोल्याकडचा, नोकरीमुळे येलहंक्यात स्थायिक झालेला. ब्युरोच्या येलहंका आवाराच्या कुंपणावरून माझी रोजची ये-जा असते. सासुरवाडीला डाळिंबाची बाग आहे. होती म्हटलं तर जास्त खरं ठरेल.

सांगोला, आटपाडी, जत या पट्ट्यात ‘पिन होल बोरर’ हा शब्द आता शाळकरी पोरांनाही माहीत आहे. खोडावर बारीक गोल भोकं, त्यांतून बाहेर आलेला पांढुरका भुसा, मग एका बाजूची फांदी पिवळी, आणि काही दिवसांत अख्खं झाड उभ्या जागी वाळलेलं. खोड आडवं कापलं तर आत काळपट तपकिरी डाग. ही मर ज्या सेराटोसिस्टिस बुरशीमुळे येते, ती आपल्याकडे डाळिंबावर नव्वदच्या दशकात आमच्या शेजारच्या विजापूर जिल्ह्यातून नोंदली गेली. भोकं पाडणारे भुंगे वेगळे. बागायतदाराचा प्रश्न साधा असतो: आधी भुंगा आला की आधी बुरशी? उत्तरादाखल त्याच्या हातात औषधांची चिठ्ठी पडते. एक कीटकनाशक, एक बुरशीनाशक, आळवणी करा, खोडाला गेरूचा लेप लावा. लेपाला मी नावं ठेवत नाही, त्यानं मादीला आत शिरणं जड जातं. पण प्रश्न तिथेच राहतो.

आपणा दोघांना ठाऊक असलेली गोष्ट इतर वाचकांसाठी सांगतो. हा भुंगा लाकूड खात नाही. मादी खोडात बोगदा खणते, अंगातल्या खास कप्प्यात जपून आणलेली बुरशी त्याच्या भिंतींवर लावते, आणि ती व तिची पिल्लं त्या बुरशीवर जगतात. नरांना उडता येत नाही. बहीण-भावांची जोडी बोगद्यातच जमते, म्हणून एक मादी पोचली तरी वसाहत उभी राहते. जो लाकूड गिळतच नाही, त्याच्या पोटात लाकडात मुरवलेलं विष कितीसं जाणार? शिवाय त्यानं लावलेली बुरशी एक आणि मरीची बुरशी दुसरी. मरीची बुरशी मातीतून, पाण्यातून, रोपांतून येते, आणि भोकांतून पडणाऱ्या भुशातूनही पसरू शकते. एका खोडात असे तिघे नांदत असताना एकाचंच नाव लिहिलेला अहवाल अपुराच असतो.

त्या अपुरेपणाची किंमत लॉस एंजेलिसनं मोजली आहे. तिथे २००३ मध्ये असाच एक भुंगा सापळ्यात सापडला. श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांत आढळणारा तोच हा, असं समजून नोंद झाली आणि विषय मिटला. २०१२ मध्ये अ‍ॅव्होकाडोच्या फांद्या वाळू लागल्यावर कुणीतरी बोगद्यातली बुरशी तपासली, तेव्हा फ्युजेरियमची एक नवीच जात हाती लागली. मधली नऊ वर्षं भुंगा कागदावर होता, बुरशी नव्हती. पुढे २०१८-१९ मध्ये स्पष्ट झालं, की युवालेसिया फॉर्निकेटस या एका नावाखाली निदान चार जाती दडल्या होत्या. हाच गट पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या शहरांत पोचला, आणि २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्येही सापडला. डाळिंबावरच्या भुंग्यांच्या यादीत आपल्याकडे फॉर्निकेटस हेच नाव आहे. सांगोल्याच्या खोडातला भुंगा या चौघांपैकी कोणता आणि त्याच्या कप्प्यात कोणती बुरशी, हे बागेगणिक, तालुक्यागणिक लिहिलेलं शेतकऱ्याला वाचता येईल अशा जागी मला हवं आहे.

किडी-बुरशीच्या या जोडीचा मोठा धडा मात्र सूचिपर्णी जंगलांनी शिकवलाय. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात पाइनच्या सालीखालच्या भुंग्यानं आणि त्याच्यासोबतच्या, लाकूड निळं पाडणाऱ्या बुरशीनं मिळून सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर जंगलाला झळ पोचवली. मध्य युरोपात २०१८ च्या अवर्षणानंतर अशाच भुंग्यापायी स्प्रूसचे डोंगरच्या डोंगर करडे झाले. पण मला सांगायचीय ती सायरेक्सची गोष्ट. ही लाकडात अंडी घालणारी गांधीलमाशी. अंड्यासोबत ती झाडात बुरशी आणि विषारी चिकटा सोडते. १९८७ ते ८९ या काळात दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि व्हिक्टोरियाच्या सीमेवरच्या लागवडीत तिनं सुमारे ५० लाख पाइन मारले. तिच्यावर उतारा होता तो एका सूत्रकृमीचा, आणि त्याची तऱ्हा अजब होती. एका रूपात तो झाडातली हीच बुरशी खातो, तर दुसऱ्या रूपात माशीच्या शरीरात शिरून तिच्या अंड्यांत बसतो. पुढे प्रयोगशाळेत तो वर्षानुवर्षं फक्त बुरशीवर वाढवला गेला, आणि माशीत शिरायची त्याची खुबीच गेली. अखेर टास्मानियातल्या जंगलातून ताजा वाण आणून काम सुरळीत करावं लागलं. बुरशी विसरलं असतं तर हा कृमी हाती लागला नसता, आणि माशी विसरल्याबरोबर तो निकामी झाला.

आता आपल्याकडची व्यवस्था पाहा. कीटक बंगळुरूत, सूक्ष्मजीवांचं ब्युरो उत्तर प्रदेशात मऊला, डाळिंब सोलापुरात. लाकडाची संस्था मल्लेश्वरमला, आपल्यापासून हाकेच्या अंतरावर, पण ती पर्यावरण मंत्रालयाखाली. आयातीचा दरवाजा राखणारं संचालनालय फरिदाबादला. प्रत्येक जण आपापलं काम करत असेल, मला शंका नाही. पण भुंगा आणि बुरशी ही जोडी यांतल्या एकाही दारावरच्या पाटीवर नाही. एका बागायतदारानं वाळलेली फांदी दोन ठिकाणी नेली. एकीकडे किडीचं नाव मिळालं, दुसरीकडे रोगाचं. दोन्ही कागद खरे होते आणि बाग गेली. मला तर वाटतं, तुमच्या संग्रहालयात सुईला टोचून ठेवलेला असा भुंगा हा अर्धाच नमुना आहे. त्याच खोडातून वाढवलेली बुरशी त्याच क्रमांकाखाली मऊला जिवंत ठेवली, तर तो पुरा होईल. याला नवी इमारत लागत नाही, दोन कार्यालयांत एक करार पुरतो.

सोलापूरच्या केंद्राकडे माझं एक वेगळं मागणं आहे. आपलं डाळिंब ताणावर चालतं. बहार धरायचा तर पाणी तोडायचं, पानगळ करायची, छाटणी करायची. आणि हे भुंगे शोधत येतात ते त्रासलेलं झाड. पाणी तुंबून मुळं गुदमरली की झाडातून अल्कोहोल सुटतं, आणि त्या वासावर मादी येते, हे परदेशांतल्या रोपवाटिकांत नीट सिद्ध झालंय. ऑक्टोबर २०२० मध्ये सोलापूर-पंढरपूर भागात कोसळलेला पाऊस आठवा. त्यानंतर आमच्याकडे बोररची बोंब उठली, हा मला तरी निव्वळ योगायोग वाटत नाही. ताण किती दिवस, कुठल्या जमिनीत, चर काढलेले की नाही, याचा भोकांच्या संख्येशी ताळा घालून दाखवा. औषधाच्या चिठ्ठीपेक्षा तो तक्ता आम्हाला जास्त उपयोगी पडेल. त्याच वासावर सापळाही होतो: एका बाटलीत अल्कोहोल, बाजूला खिडकी, खाली साबणाचं पाणी. गुटी कलमं विकणाऱ्या प्रत्येक रोपवाटिकेत तो टांगलेला असावा आणि त्यातली मोजदाद गिऱ्हाइकाला दिसावी. कलम घेताना आम्ही पानं बघतो, खोडाचं कुणी बघत नाही.

आयातीच्या दरवाज्याबद्दल थोडंच. न्यूझीलंडहून पाइनचे ओंडके कांडल्याला उतरतात. सायरेक्स त्या देशात शंभरहून अधिक वर्षं आहे. आपल्या हिमालयात चीड आहे, देवदार आहे. ओंडक्यांना धुरी देतात, खोक्यांच्या लाकडावर उष्णता दिल्याचा शिक्का असतो, हे मला माहीत आहे. पण मालासोबत आलेल्या पाइनच्या फळ्यांचं पुढे शहरात फर्निचर होतं, आणि तिथवर कुणाची नजर जात नाही. येलहंक्याच्या रस्त्यांवरच्या झाडांचं खोड कुणी तपासतं का, हेही विचारून ठेवतो. दक्षिण आफ्रिकेत फॉर्निकेटस भुंग्यानं रस्त्याकडेची झाडंही धरली होती.

हे सगळं तुम्हाला जमणार नाही असं मानणारा मी नाही. २००२ मध्ये सांगलीत उसावर लोकरी मावा आला, तेव्हा ब्युरो अजून जैविक नियंत्रण प्रकल्प संचालनालय या नावानं काम करत होतं. फवारण्यांनी घायकुतीला आलेल्या शेतकऱ्यांनी मावा खाणाऱ्या कोनोबाथ्राच्या अळ्या या फडातून त्या फडात पोचवल्या, आणि त्यामागे तुमचं, कृषी विद्यापीठांचं आणि साखर कारखान्यांचं काम होतं. २०१० मध्ये पपईच्या पिठ्या ढेकणावर पोर्टो रिकोमधली परोपजीवी माशी आणून तुम्ही बागा वाचवल्यात. तेव्हा शत्रू उघड्यावर, पानावर होता. आता तो खोडाच्या आत आहे, आणि एकटा नाही.

म्हणून शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. सोलापूरहून येणारी उद्यान एक्स्प्रेस येलहंक्यावरूनच बंगळुरूत शिरते. वाळलेल्या खोडांचं पोतं तिच्यातून आणून तुमच्या फाटकाशी ठेवणं मला अवघड नाही. पण कीड आणि मर अशी इतक्या लांबवर वाहून आणणं म्हणजे गुन्हाच, म्हणून ते करणार नाही. तेव्हा मृग बहाराच्या आधी दोन्ही संस्थांची मिळून एक तुकडी सांगोल्यात यावी: एक कीटकवाला, एक बुरशीवाला, आणि सोबत करवत. उपटलेली झाडं बांधावर पडलेली असतात, ती लोक चुलीला नेण्याआधी यायला हवं. जेवणाखाणाची आणि मुक्कामाची सोय सासुरवाडीकडून होईल. तारीख तेवढी कळवा.

आपला,
सांगोल्याचा एक येलहंकावासी