ट्रेकला लाकडावरचा पोर्टेबल स्टोव्ह नेताय? त्याला बटण नसतं, हे आधी लक्षात घ्या

गडावरचा सूर्योदय, शेजारी स्टीलचा छोटासा डबा, त्यात जळणाऱ्या चार काटक्या आणि वर उकळणारा चहा. असे रील्स तुमच्याही फीडमध्ये येत असतील. डब्यासारखी दिसणारी ही वस्तू म्हणजे लाकडावर चालणारा कॅम्प स्टोव्ह. गॅस विकत घ्यायला नको, वजन कमी आणि धूरही फारसा नाही, म्हणून ट्रेकर्सना तो आवडतो.

आणखी एक कारण म्हणजे प्रवास. रेल्वेत गॅस सिलेंडर नेता येत नाही. २६ ऑगस्ट २०२३ ला तामिळनाडूतल्या मदुराईमध्ये पर्यटकांच्या खासगी डब्याला आग लागून किमान ९ जणांचा मृत्यू झाला. डब्यात सिलेंडर बेकायदेशीररीत्या आणला होता, असं रेल्वेनं सांगितलं होतं. रिकामा स्टीलचा स्टोव्ह सॅकमध्ये टाकला की हा प्रश्नच मिटतो.

पण खरा प्रश्न गडावर पोहोचल्यावर सुरू होतो.

धूर कमी कसा होतो?

या स्टोव्हला दोन भिंती असतात. खालच्या छिद्रांतून हवा आत जाते. त्यातली काही थेट लाकडाला मिळते, उरलेली दोन भिंतींच्या मधून वर चढते आणि तापते. ही गरम हवा वरच्या छिद्रांतून बाहेर पडते, तेव्हा लाकडातून निघालेला धूरच पेट घेतो. धूर म्हणजे न जळलेलं इंधन, ते इथे वाया जात नाही. त्यामुळे बोटाएवढ्या जाडीच्या काटक्यांवरही चहा होतो.

अट एकच, लाकूड खडखडीत वाळलेलं हवं. पावसाळ्यात, म्हणजे सह्याद्रीत सगळ्यात जास्त गर्दी असते तेव्हा, ओल्या काटक्यांनी हाच स्टोव्ह डोळ्यांतून पाणी काढतो. आणि काटक्या छान वाळतात तेव्हा डोंगरावरचं गवतही तितकंच वाळलेलं असतं. गोम इथेच आहे. स्टोव्ह उत्तम चालण्याचे दिवस आणि वणव्याचे दिवस जवळपास एकच.

कायदा काय म्हणतो?

'आम्ही शेकोटी कुठे केली, हा तर स्टोव्ह आहे', असं अनेकांना वाटतं. भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये असा फरक नाही. कलम २६ नुसार राखीव वनात आग पेटवणं, बाळगणं किंवा घेऊन जाणं हा गुन्हा आहे. वन अधिकाऱ्यांनी अधिसूचनेनं मोकळीक दिलेला काळ तेवढा याला अपवाद. परवानगीशिवाय वनोपज गोळा करणंही याच कलमात येतं. म्हणजे 'खाली पडलेल्या तर काटक्या उचलल्या' हा बचाव तिथे लंगडा पडतो.

हरिश्चंद्रगडासारखा गड अभयारण्यात येतो. तिथे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चं कलम ३० लागू होतं. अभयारण्याला धोका होईल अशा रीतीनं आग पेटवायला किंवा जळती सोडून जायला ते मनाई करतं. रायगडासारख्या केंद्रीय संरक्षित स्मारकात तर नेमून दिलेल्या जागेशिवाय स्वयंपाकच करता येत नाही, मग स्टोव्ह कुठलाही असो.

मग गॅस जास्त सुरक्षित का?

अमेरिकेत वणव्याच्या मोसमात राष्ट्रीय वनांमध्ये निर्बंध लागतात. पहिल्या टप्प्यात शेकोटी बंद होते, पण बटणानं चालू-बंद होणारा गॅसचा स्टोव्ह सहसा चालतो. लाकडाचा चालत नाही. कारण सरळ आहे: वारा सुटला तर गॅस एका सेकंदात बंद करता येतो, पेटलेलं लाकूड नाही. गॅसच्या स्टोव्हमधून ठिणग्याही उडत नाहीत आणि मागे निखारेही उरत नाहीत.

निखारे हा तर सगळ्यात दुर्लक्षित भाग. वरून पांढरी पडलेली राख आतून बराच वेळ धगधगत असते. चहा झाला, डबा गवतात उपडा केला आणि मंडळी पुढे निघाली, एवढं पुरेसं आहे. राख हाताला गार लागेपर्यंत पाणी ओतत राहायला हवं. पण एप्रिलमध्ये गडावरची टाकी आटलेली असताना प्यायचं पाणी राखेवर कोण ओतणार?

नुकसान भोगणारे वेगळेच असतात. उतारावरचं वाळलेलं गवत हा पायथ्याच्या गावांतल्या गुरांचा चारा असतो. टिटवी, चंडोल यांसारखे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. वन विभाग दरवर्षी जाळरेषा काढतो, पण त्या आग अडवण्यासाठी असतात. रेषेच्या आतच कुणी चूल मांडली तर त्यांचा उपयोग नाही.

मग हा स्टोव्ह वापरायचाच नाही का?

वापरा की, पण जागा बघून. कॅम्पसाइटच्या मालकानं होकार दिला असेल, खाली माती किंवा कातळ असेल, आसपास गवत नसेल आणि भरलेली बादली हाताशी असेल तर हा स्टोव्ह शेकोटीपेक्षा नक्कीच बरा. थंडी वाजली तरी तो तंबूत मात्र घेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला ते जागं करत नाही.

गडावर मुक्काम असेल तर निघण्याआधी त्या हद्दीतल्या वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या. नकार मिळाला तर थर्मासमधला चहा आहेच. शिवाय अनेक गडांच्या पायथ्याला आधी सांगून ठेवलं तर गरमागरम पिठलं-भाकरी मिळते, तीही चुलीवरची.