बघून सांगतो

माझा स्वभाव भांडखोर नाही. हे विधान मी घरात केलं की स्वयंपाकघरात भांडी जरा मोठ्यानं वाजतात. पण ते जाऊ द्या. चौतीस वर्षं कचेरीत खर्डेघाशी केली, कुणाशी भांडलो नाही. वरच्यांशी भांडायची छाती नव्हती आणि खालच्यांना मी वरचा वाटतच नव्हतो. मात्र गेल्या दिवाळीपासून एका शब्दाशी माझं उभं वैर जडलं आहे. तो शब्द म्हणजे 'नाही'.

आम्हां पेन्शनरांचं एक छोटंसं मंडळ आहे. दिवंगत सहकाऱ्यांच्या पत्नींना भाऊबीजेला अडीच हजारांचा चेक द्यायचा, आणि त्या त्या गावाला जाणाऱ्या सभासदाच्या हाती तो पाठवायचा, ही आमची रीत. यादी माझ्या वहीत असे. भाचा म्हणाला, "मामा, वही कसली कवटाळून बसलात? एक्सेलमध्ये घ्या!" हे एक्सेल १९८५ साली बाजारात आलं, तेव्हा मी बोटाला थुंकी लावून लेजरं उलटत होतो. पण म्हटलं, चला, चाळीस वर्षं उशीर म्हणजे आमच्या खात्यात वेळेवरच!

अर्धी यादी मी टाइप केली, अर्धी भाच्यानं. नाव, गाव, फोन सगळं एकाच चौकटीत कोंबलं, एसटीच्या टपावर बोचकी कोंबावीत तसं. मग भाच्यानं फाइंड नावाचं सूत्र लावलं. याला सांगायचं काय शोधायचं, कशात शोधायचं, आणि हवं तर कितव्या अक्षरापासून. ते डावीकडून अक्षरं मोजत निघतं आणि हवा तो मजकूर जिथं सुरू होतो त्या जागेचा आकडा हातावर ठेवतं. सापडलं नाही तर '#व्हॅल्यू!' अशी किंकाळी फोडतं. सर्च नावाचा त्याचा एक भाऊ आहे. तो इंग्रजी अक्षर धाकटं की थोरलं ते पाहत नाही, फुलीफुलीच्या जागी काहीही चालवून घेतो. फाइंड मात्र कडक सोवळ्यातला. जसंच्या तसं दिसलं तरच शिवणार!

त्या किंकाळ्यांनी कागद विद्रूप दिसतो, असं भाच्याचं मत. म्हणून त्यानं वरून इफएरर नावाचं पांघरूण घातलं. हे २००७ पासून एक्सेलमध्ये आलेलं औषध. कुठंही चूक उद्भवली की तिच्या जागी आपण सांगू तो शब्द छापायचा. भाच्यानं शब्द निवडला, 'नाही'. कागद कसा स्वच्छ झाला! गाव होतं कऱ्हाड. सरकारदरबारी कराड आणि जुन्या माणसांच्या तोंडी कऱ्हाड, म्हणून भाच्यानं दोन्ही शोधायला लावलं. पोरगा हुशार आहे. सापडले ते चेक पाकिटात गेले, पाकीट कऱ्हाडला गेलं, आम्ही चहा प्यायलो.

मार्गशीर्षात एका लग्नासाठी कऱ्हाडला गेलो. माझ्या जुन्या टेबलशेजाऱ्याच्या घरी डोकावलो. वहिनींनी पोहे केले, मुलांची चौकशी केली. निघता निघता मी सहज विचारलं, "चेक वटला ना, वहिनी?"

"यंदा नाही आला, भाऊजी," त्या म्हणाल्या. "यांना जाऊन सहा वर्षं झाली. यादीत किती दिवस ठेवणार? कमी केलं असेल नाव."

वाचकहो, तक्रारीचा एक सूर नव्हता हो त्या बोलण्यात! अडीच हजारांपेक्षा तेच मला लागलं. एक बाई आपल्या घरात, आपल्या पाटावर बसलेली, आणि एका चौकटीनं 'नाही' म्हटलं म्हणून आपण नसूच असं धरून चाललेली.

परत येऊन यादी उघडली. वहिनींच्या चौकटीत 'कऱ्हाड' ढळढळीत दिसत होतं. मी भाच्याला चष्मा देऊ केला. "दिसतंय, मामा, पण सापडत नाही," तो म्हणाला. शेवटी त्यानं लेन नावाच्या सूत्रानं नुसती अक्षरं मोजली. हे यंत्र काना वेगळा मोजतं, पाय मोडायची खूणही वेगळी मोजतं. 'कराड' भरलं चार. भाच्याचं 'कऱ्हाड' सहा. आणि वहिनींचं कऱ्हाड सात! तो अर्धा र दोन तऱ्हांनी काढता येतो. एकात टिंबवाला ऱ असतो, दुसऱ्यात साधा र आणि त्याच्यामागं डोळ्यांना न दिसणारी एक सांधायची खूण. कागदावर दोघं जुळे भाऊ, यंत्राच्या लेखी ओळखदेखसुद्धा नाही. कृष्णा आणि कोयना कऱ्हाडात येऊन एकमेकींना मिळाल्या. आमचे दोन र काही मिळाले नाहीत.

आणि ती चौकट कुणी टाइप केली होती? विचारू नका. माझ्याच बोटांनी.

उलट नागपूरला राहणाऱ्या एका बाईंचं आडनाव कऱ्हाडकर. त्यांचा चेक मात्र बिनबोभाट कऱ्हाडच्या पाकिटात जाऊन बसला होता. सूत्रानं अक्षरं शोधली, अक्षरं सापडली. 'राम' शोधा म्हटलं तर ते 'आराम'मध्येही शोधून देईल, दुसऱ्या जागेवर! त्याला रामाशी कर्तव्य नाही, आरामाशीही नाही.

म्हणून माझं यंत्राशी बिलकूल भांडण नाही. ते बिचारं प्रामाणिकपणे ओरडलं होतं की, बाबांनो, ही अक्षरं या क्रमानं मला दिसत नाहीत, बघा काय ते. आपण त्याच्या तोंडावर पांघरूण टाकलं आणि वर लिहिलं, 'नाही'. 'मला दिसलं नाही' आणि 'ते नाही' यांत जेवढं अंतर आहे, तेवढ्यात माणसं राहतात हो! रेशनच्या यादीत, मतदारांच्या यादीत, इस्पितळाच्या खिडकीत 'नाव नाही' ऐकून मुकाट्यानं घरी परतणारी माणसं. खिडकीमागच्याला एकदाही वाटत नाही की आपला र चुकला असेल.

वहीत चुका होत नव्हत्या असं मी म्हणणार नाही. माझ्या वहीवर चहाच सांडलेला होता. पण वहीत नाव दिसलं नाही, तर मी बोट मागं नेऊन पुन्हा वाचत होतो.

वहिनींचा चेक मी स्वतः नेऊन दिला. आता आमच्या यादीत गाव वेगळ्या चौकटीत आहे, सगळे अर्धे र एका तऱ्हेचे केले आहेत, आणि इफएररच्या पांघरुणावरचा शब्द मी भांडून बदलून घेतला आहे. चौतीस वर्षं ज्या दोन शब्दांपायी लोकांनी आम्हां कारकुनांची चेष्टा केली, तेच आता चौकटीत उमटतात: 'बघून सांगतो'.

फरक एवढाच, की हल्ली मी खरंच बघतो.