आरामखुर्ची कोणाची?

कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत मुंबई-पुण्याच्या सुखवस्तु कुटुंबांनीं बांधलेले सुट्टीचे बंगले अलीकडे फार वाढले आहेत. त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. ज्याला शक्य आहे त्यानें उल्हासेच्या किंवा पाताळगंगेच्या कांठीं घर बांधावें, चार आंबे लावावे, शनिवारीं यावें आणि रविवारीं परत जावें. आमची तक्रार या बंगल्यांच्या दिवाणखान्यांत दिसणाऱ्या एका वस्तूशीं चाललेल्या वर्तनाबद्दल आहे. ती वस्तु म्हणजे नामांकित रचनाकाराच्या नांवाची आरामखुर्ची.

गेल्या पावसाळ्यानंतर एका स्नेह्यांच्या अशा बंगल्यांत जाण्याचा योग आला. रस्त्यापासून चढ चढून आम्ही दमलों होतों. समोर काळ्या चामड्याची, वळविलेल्या लाकडाच्या पाठीची ऐसपैस खुर्ची व तिच्यापुढें पाय ठेवण्याची चौरंगी दिसली, म्हणून स्वाभाविकपणें तिकडे वळलों. तोंच यजमान उद्गारले, “अहो, तिच्यावर नको, ती ओरिजिनल आहे!” आम्हांला बाजूच्या सोफ्यावर बसविण्यांत आलें, आणि तेथून अर्धा तास त्या खुर्चीचें चरित्र ऐकावें लागलें. तिची किंमत लाखांत आहे हें त्या अर्ध्या तासांत तीन वेळां समजलें. ती बसावयास कशी आहे, हें मात्र एकदांहि समजलें नाहीं.

चरित्र खोटें नव्हतें. चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्यानें ही खुर्ची रचली आणि हर्मन मिलर यांच्या कारखान्यानें ती १९५६ सालीं बाजारांत आणली. लाकडाचे पातळ थर एकावर एक चिकटवून, उष्णता व दाब देऊन त्यांना शरीराच्या वळणाचा आकार द्यावयाचा आणि त्यांत मऊ गाद्या बसवावयाच्या, ही तिची युक्ति. पण आमचे स्नेही एक गोष्ट सांगावयास विसरले. बेसबॉल खेळणाऱ्याचा हातमोजा वापरून वापरून जसा सैल, मऊ व ऊबदार होतो, तशी ही खुर्ची दिसावी, असा चार्ल्स ईम्स यांचा मूळ हेतु होता. म्हणजे सुरकुती हा तिचा दोष नव्हे. सुरकुतीसाठींच तिचा अवतार! जिच्यावर कोणी बसलेलेंच नाहीं, ती खुर्ची त्यांच्या कल्पनेप्रमाणें अद्याप पुरी झालेली नाहीं.

याच दांपत्यानें हिंदुस्थानभर हिंडून १९५८ मध्यें सरकारला एक अहवाल दिला. अहमदाबादची राष्ट्रीय रचना-संस्था १९६१ मध्यें निघाली, तिच्या मुळाशीं तो अहवाल आहे. त्यांत त्यांनीं सर्वांत अधिक गौरव कोणत्या वस्तूचा करावा? आमच्या तांब्याचा! पिढ्यान् पिढ्या हातांनीं धरून, डोक्यावरून वाहून, घांसून, ओतून त्याला जें रूप आलें, त्याचें त्यांना कौतुक वाटलें. आमच्या स्नेह्यांच्या घरीं तांबे होते; ते मोरीजवळ उपडे घातलेले होते आणि रोज वापरांत होते. ईम्स यांचा आदर त्या घरांत कोठें होत होता, हें वाचकांनींच ठरवावें.

दुसरें उदाहरण याहून बोचरें आहे. चंदिगड शहर वसत असतां ल कार्बूझिए यांचे चुलतभाऊ पिएर झानरे यांनीं सरकारी कचेऱ्यांसाठीं सागवानी लाकडाच्या व वेताच्या खुर्च्या करविल्या. त्यांवर कारकून बसले, पक्षकार बसले, विद्यार्थी बसले. पुढें वेत फाटले, तेव्हां त्या गच्चीवर व आवारांत ढीग करून टाकल्या आणि भंगार म्हणून लिलांवांत काढल्या. परदेशी व्यापाऱ्यांनीं त्या उचलल्या, डागडुजी केली आणि युरोप-अमेरिकेच्या लिलांवांत त्यांचे लाखों रुपये झाले. तेव्हां कोठें आमचे डोळे उघडले व २०११ मध्यें केंद्र सरकारनें असल्या सामानाच्या विक्रीवर बंदी घातली. जोंवर माणसें बसत होतीं तोंवर कवडीमोल, आणि बसणें बंद झालें कीं अमोल, अशी ही आमची अभिरुचि. आतां त्याच आकाराच्या नव्या खुर्च्या कर्जतच्या पडव्यांतहि दिसतात. त्यांवर लोक निःशंक बसतात, कारण त्या नकली आहेत. या बाबतींत आमचें मत नकलेच्या बाजूनें पडतें.

यावर कोणी म्हणेल कीं मौल्यवान् वस्तु जपलीच पाहिजे. जपा, पण कोठें? या मुलुखांत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. जून ते सप्टेंबर दारें-खिडक्या बंद ठेवलेल्या घरांत चामड्यावर बुरशी येते आणि चिकटविलेल्या लाकडाचा सांधा ओलीनें सुटूं लागतो. याला वारा, कोरडें फडकें व माणसाचा वावर यांवांचून इलाज नाहीं. वेताचें तर याहून सोपें आहे: सैल पडलेली वीण खालच्या अंगानें ओल्या फडक्यानें भिजवून सावलींत वाळविली कीं पुन्हा ताणून बसते, तुटली तर पुन्हा विणतां येते. पूर्वी अंधशाळांतून हें विणकाम शिकवीत, आणि ज्यांना डोळे नव्हते त्यांच्या बोटांनीं डोळसांच्या बैठका दुरुस्त होत.

आरामाचेंच आम्हांला वावडें आहे, असा मात्र कोणी ग्रह करून घेऊं नये. कर्जत तालुक्यांतच माथेरान आहे. तेथील जुन्या बंगल्यांच्या पडव्यांतून लांब हातांच्या वेताच्या खुर्च्या आम्हीं पाहिल्या आहेत व उपभोगिल्याहि आहेत. बैठक मागें उतरती. हातांखालीं दडविलेल्या फळ्या फिरवून पुढें काढाव्या, त्यांवर पाय टाकावे आणि समोर धुकें दरींत उतरतांना पाहावें. मोटारीला तेथें मज्जाव असल्यामुळें कानालाहि विश्रांति मिळते. असें पडून राहणें हा आळस आहे असें म्हणणाऱ्यांशीं आमचें कधींच जमणार नाहीं.

पण खरें बोलावयाचें तर या जुन्या खुर्चीचा इतिहासहि निर्मळ नाहीं. आमच्या घरीं तशी एक होती. ती आजोबांची. ते कचेरींत गेले कीं ती दिवसभर रिकामी असे, आणि आजी तिच्याशेजारीं उंबऱ्याला टेकून तांदूळ निवडीत बसे. तिला कोणी मनाई केली नव्हती. तसा प्रसंगच येत नसे. आजोबा गेल्यावर ती खुर्ची आणखी सतरा वर्षें त्या ओटीवर होती. आजी तींत बसलेली आम्हीं पाहिली नाहीं, आणि बस, असें आम्हींहि तिला कधीं म्हटलें नाहीं.

म्हणूनच त्या बंगल्याच्या राखणदाराकडे आमचें लक्ष गेलें. जवळच्या ठाकरवाडीचा तो गृहस्थ वर्षाचे बाराहि महिने तेथें असतो. आठवड्याला एकदां खुर्ची पुसतो, श्रावणांत ऊन पडलें तर खिडक्या उघडतो, छप्पर गळूं लागलें तर रात्रीं उठून ती कोरड्या कोपऱ्यांत सरकवितो. तो स्वतः कोठें बसतो, असें आम्हीं विचारलें. मागच्या पायरीवर, असें उत्तर मिळालें. मग आम्हीं यजमानांस सुचविलें कीं पावसाळ्यांत संध्याकाळीं तासभर त्यानेंच या खुर्चीवर बसावें. चामडें वापरांत राहील, गाद्यांना वारा लागेल आणि तुमच्या लाखांचें चीज होईल. यजमान हंसले. थट्टा आहे असें त्यांना वाटलें. थट्टा नाहीं असें दिसतांच किंचित् गंभीर होऊन म्हणाले, “नको. सवय लागेल.”

पुढील पावसाळ्यासाठीं त्यांनीं खुर्चीला मापाचें झांकण शिवावयास टाकलें आहे, असें कळतें.