खेळण्यातला ट्रक आणि वेगाचे वेड
(एस. वाय. बी. ए.)

वार्षिकासाठी लेख मागविल्याची सूचना फलकावर लागली, तेव्हा आमच्या वर्गात विषयांची वाटणीच झाली. एकाने हुंडा घेतला, एकाने बेकारी घेतली, दोघांत भ्रष्टाचारावरून भांडण झाले. मला विचारले, ‘तुझे काय?’ मी म्हणालो, ‘रिमोटवर चालणारा ट्रक.’ सगळे हसले. एका प्राध्यापकांनीही हसतच विचारले, ‘अरे, कला शाखेच्या विद्यार्थ्याला हे कशाला?’ त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण प्रश्न मनाला लागला. म्हणून हा लेख मी थोडा हट्टानेच लिहीत आहे. वाचकांनी तेवढे सांभाळून घ्यावे.

गेल्या मे महिन्यात सुरतेला स्थायिक झालेल्या एका कुटुंबातला मुलगा सुट्टीत आमच्या शहादा तालुक्यातल्या गावी आला. त्याच्याकडे हातभर लांबीचा, रुंद चाकांचा एक ट्रक होता. अमेरिकेत बॉब चँडलर नावाच्या गृहस्थाने १९७० नंतरच्या दशकात आपल्या पिकअप गाडीला प्रचंड टायर लावले, तिचे नाव ‘बिगफूट’ ठेवले आणि १९८१ साली ती जुन्या मोटारींवरून चालवून त्या चिरडून दाखवल्या. तिथून ‘मॉन्स्टर ट्रक’ हे प्रकरण जगभर गेले. या मुलाकडचा ट्रक त्याचाच छोटा भाऊ. मात्र तो सेलवर चालणारा नव्हे, खरे इंजिन असलेला. १९९९ मध्ये ट्रॅक्सस कंपनीचा ‘टी-मॅक्स’ बाजारात आला आणि असे इंजिनवाले ट्रक हौशी लोकांत फार लोकप्रिय झाले. इंजिन केवढे? अडीच-तीन घन सेंटीमीटरचे, म्हणजे आपल्या नेहमीच्या मोटारसायकलच्या तिसाव्या-चाळिसाव्या हिश्शाचे. आणि ते मिनिटाला तीस हजार फेरे घेते! ताशी साठ-सत्तर किलोमीटरने हे खेळणे धावते, हे मी डोळ्यांनी पाहिले नसते तर मलाही खरे वाटले नसते.

पण ते धावले दोन दिवस. शिवाररस्त्यावर, काळ्या मातीच्या धुळीत, आम्ही पोरे मागे आणि ट्रक पुढे. तिसऱ्या दिवशी तो गरम झाला की बंद पडू लागला आणि चौथ्या दिवशी सुरूच होईना. पुढच्या चाकांचे दोन्ही हात वाकडे झाले होते. मुलगा रडकुंडीला आला. कुणीतरी म्हणाले, याच्या दादाकडे न्या.

आता दादाविषयी सांगणे भाग आहे. माझा दादा शहाद्याला ट्रॅक्टर आणि डिझेल इंजिनांच्या गॅरेजात काम करतो. दहावीनंतर त्याने शाळा सोडली, कारण घरात एकालाच पुढे शिकवता येणार होते. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. आणि वाचकहो, कबूल करायला लाज वाटते, पहिल्या वर्षी वर्गात कुणी विचारले, ‘तुझा भाऊ काय करतो?’ तर मी ‘खासगी नोकरी’ असे सांगत असे.

दादाने तो ट्रक हातात घेतला, टाकीचे झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाला, ‘अरे, यात तर एरंडेल!’ त्याचे खरे होते. या ट्रकला पेट्रोल चालत नाही. याचे इंधन म्हणजे मिथेनॉल, त्यात नायट्रोमिथेन आणि वंगण. वंगण एरंडेल तेलाचे, कृत्रिम किंवा दोन्हींचे मिश्रण असते. इंजिन टू-स्ट्रोक, त्यामुळे वेगळे ऑइल भरायला जागाच नाही. जे वंगण मिळायचे ते इंधनातूनच. ठिणगीचा प्लगही नाही. जीपच्या हीटर प्लगसारखा एक छोटा ग्लो प्लग असतो, त्याची तार सुरुवातीला सेलवर तापवायची. मग प्लॅटिनमच्या त्या तारेशी मिथेनॉलची क्रिया होऊन ती आपोआप लाल राहते.

नायट्रोमिथेन कशाला, हे मी नंतर शोधून काढले. एक किलो पेट्रोल जळायला सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. मिथेनॉलला साडेसहा किलोच्या आसपास पुरते आणि नायट्रोमिथेनला तर दोन किलोंपेक्षाही कमी, कारण त्याच्या अंगातच ऑक्सिजन आहे. म्हणजे तेवढ्याच हवेत कितीतरी जास्त इंधन जाळता येते. ताकद येते ती अशी. जाता जाता सांगतो, मिथेनॉल म्हणजे विषारी दारूकांडांतला तोच पदार्थ. २०१५ च्या जून महिन्यात मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक माणसे त्याने गेली. दादाने त्या डब्यावर खडूने कवटी काढली आणि तो माळ्यावर ठेवला. मुलाच्या वडिलांना हे ठाऊकच नव्हते.

इंजिन उघडले तेव्हा आत राखाडी रंगाचा चिखल होता. धूळ आणि एरंडेल. हवेच्या फिल्टरचा पट्टा तुटून तो कधीच सैल झाला होता. दादाने बोटावर तो चिखल घेतला आणि मुलाला म्हणाला, ‘भाऊ, हाई खेयनं नही शे. हाई इंजन शे.’

मुलाने काय काय केले होते ते मग हळूहळू बाहेर आले. वेग वाढावा म्हणून त्याने कार्बोरेटरचा पेच आवळून इंधन कमी केले होते. तसे केल्याने इंजिन खरोखर जास्त जोरात फिरते, पण या इंजिनात इंधन कमी म्हणजे वंगणही कमी आणि थंडावाही कमी. प्लॅस्टिकचे हात तकलादू वाटतात म्हणून त्याने चकचकीत ॲल्युमिनियमचे हात लावले होते. प्लॅस्टिक धक्का बसला की लवते आणि पुन्हा सरळ होते. ॲल्युमिनियम वाकले की वाकलेच. आणि एखादा भाग फार मजबूत केला की धक्का पुढच्या भागाकडे जातो. कुठेतरी काहीतरी तुटणारच, तर ते स्वस्त आणि पटकन बदलता येणारे असावे. नांगराच्या फाळाला शिअर बोल्ट का असतो, हे आमच्याकडच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. तो बोल्ट काढून पोलादी सळई ठोकणारा माणूस शहाणा ठरत नाही.

एवढ्या लहान इंजिनाच्या पिस्टनला रिंगाच नसतात. ॲल्युमिनियमचा पिस्टन आणि क्रोम चढवलेला पितळी लायनर. लायनर वरच्या बाजूला किंचित निमुळता. थंड असताना पिस्टन वर जाताना अडकतो. तापल्यावर पितळ फुगते आणि मग दोघांचे नेमके जमते. सगळी ताकद त्या केसभर अंतरात आहे. तिथे धूळ गेली की संपले. ट्रॅक्टरचा लायनर बोअर करता येतो, याचा नाही. नवा जोड मागवावा लागला आणि तो येईपर्यंत ट्रक आमच्या ओसरीवर निपचित पडून राहिला.

त्या दिवसांत दादा रोज संध्याकाळी त्यावर काहीतरी करीत बसे. जुन्या ट्रॅक्टरांना तेलाच्या भांड्याचा एअर क्लीनर असे. हवा तेलावरून जाते, धूळ तेलात बसते. दादा म्हणाला, इथे भांडे बसणार नाही, पण स्पंज तेलात भिजवून पिळता येईल. त्याने स्पंजाचे दोन थर केले, आतला बारीक, बाहेरचा जाड, दोन्हींना तेल चोळले, पक्के बांधले आणि वर आईच्या जुन्या पातळाचा तुकडा चढवला. कार्बोरेटरच्या मानेजवळ आणि मागच्या झाकणाला त्याने गॅस्केटचा सिलिकॉन लावला, कारण तिथून चोरून हवा आत गेली तर पेच कितीही फिरवा, इंजिन तापणारच. वाकडे ॲल्युमिनियम काढून जुने प्लॅस्टिकचे हात परत लावले. मुलगा नाराज झाला. त्याला वाटत होते, दादा ट्रक मागे नेतो आहे.

नवा जोड बसवल्यावर दादाने त्याला पूर्ण वेगाने पळवूच दिले नाही. इंधन भरपूर, धूर पांढरा, ट्रक गोगलगायीसारखा. थोडे चालवायचे, थांबवायचे, थंड होऊ द्यायचे, पुन्हा चालवायचे. पूर्वी नव्या गाडीच्या मागे ‘रनिंग इन’ अशी पाटी लावीत, तोच प्रकार. पाच टाक्या अशा गेल्या. मग पेच एकदम नाही, फेऱ्याचा आठवा हिस्सा आवळायचा आणि प्रत्येक वेळी इंजिनाच्या डोक्यावर पाण्याचा थेंब टाकायचा. थेंब तीन-चार सेकंद चुरचुरत उडाला तर ठीक, पडताक्षणी नाहीसा झाला तर पेच लगेच मागे. आई ओट्यावरून म्हणाली, ‘तवा तापला का ते मीपण असंच पाहते.’ पूर्ण वेगातही मागे धुराची बारीक रेघ दिसली पाहिजे, हा दादाचा दुसरा नियम.

शेवटच्या दिवशी ट्रक सबंध दुपार चालला. मध्ये टाक्या भरायला थांबलो तेवढेच. पहिल्या दिवसाइतका एकदम सुसाट होता का? प्रामाणिकपणे सांगायचे तर किंचित कमी. पण पहिल्या दिवशी तो दर पाच मिनिटांनी बंद पडत होता, हे आम्ही सगळे विसरलो होतो.

माझे म्हणणे इथून सुरू होते. वेग ही वरून चिकटवण्याची वस्तू आहे, असा आपल्या पिढीचा गैरसमज झाला आहे. आमच्याच कॉलेजच्या फाटकाशी उभे राहून पाहा. सायलेन्सरची जाळी काढलेली, काहींचा तर आवाज घुमावा म्हणून एअर फिल्टरच काढून टाकलेला. गाडी कुणाची? कापसाच्या किंवा मिरचीच्या पैशांतून वडिलांनी हप्त्यावर घेऊन दिलेली. हप्ते संपायच्या आत इंजिनाचे काम निघते आणि ती गाडी दादासारख्याच कुणापुढे येऊन उभी राहते. आवाज वाढला म्हणजे वेग वाढला, असे समजणाऱ्यांना काय सांगावे! उथळ पाण्याला खळखळाट फार.

कुणी म्हणेल, शर्यतीत टिकाऊपणा कोण पाहतो? अमेरिकेतल्या ‘टॉप फ्युएल’ गाड्या नव्वद टक्क्यांपर्यंत नायट्रोमिथेन जाळतात, चार सेकंदांच्या आत शर्यत संपवतात आणि प्रत्येक धावेनंतर इंजिन खोलून नवे भाग घालतात. खरे आहे. पण त्यांच्यामागे कारागिरांचा ताफा आणि पैशांची थैली असते. आपल्याकडे एकच पिस्टन आहे आणि तोही पार्सलने यायचा आहे.

याउलट, खेतियावरून सातपुडा ओलांडून पुढे नर्मदेपलीकडे गेले की धार जिल्ह्यात पीथमपूर लागते. तिथे २००७ साली ‘बाहा’ ही स्पर्धा भारतात सुरू झाली. अभियांत्रिकीचे विद्यार्थी खडबडीत रस्त्याची गाडी स्वतः बांधून आणतात. इंजिन मात्र सर्वांना एकाच नमुन्याचे लावावे लागते, त्याची ताकद वाढवायला मनाई. शेवटी चार तासांची सहनशक्तीची शर्यत असते. इंजिने सारखी असल्यावर जिंकायचे कशावर? कुणाचा सांधा तुटला नाही, कुणाची वेल्डिंग टिकली, कुणाला दुरुस्तीसाठी कमी वेळ थांबावे लागले, यावर. ही बातमी मी दादाला वाचून दाखवली तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारले, ‘तिथं बघायला जाता येतं का रे?’

त्या स्पर्धेत तो उतरू शकत नाही, कारण त्याच्याकडे कॉलेजचे ओळखपत्र नाही. ते माझ्याकडे आहे आणि मला प्लग आणि पेच यांतला फरक मे महिन्यात कळला. यात दोष कुणाचा, हे मी या लेखात ठरवू शकणार नाही. पण आपल्या महाविद्यालयात दरवर्षी इतके पाहुणे येतात, शाल-श्रीफळ घेतात, स्वावलंबनावर भाषणे करतात. एखाद्या वर्षी एक तास गॅरेजातल्या माणसाला बोलवावे, त्याच्या हातात माइक न देता एक उघडलेले इंजिन द्यावे, एवढी माझी प्राध्यापकवर्गाला विनंती आहे. आम्हा कला शाखेच्या मुलांना त्यातले सगळे कळणार नाही. आम्हाला सौंदर्यशास्त्रातले तरी सगळे कुठे कळते?

असो. यंदा द्वितीय वर्षाचा अर्ज भरताना कुटुंबीयांच्या व्यवसायाच्या रकान्यात मी दादाच्या नावापुढे ‘इंजिन मेकॅनिक’ असे लिहिले.

हा लेख पुरा झाल्यावर रात्री त्याला वाचून दाखवला. स्वतःविषयीचा भाग येताच तो उठून पाणी प्यायला गेला. परत येऊन म्हणाला, ‘एक राहिलं. इंजिन बंद केल्यावर चाक हातानं फिरवून पिस्टन खाली आणून ठेवायचा. वर राहिला तर थंड होताना लायनर त्याला आवळतो. ते लिही.’

लिहिले आहे.