व्यसन लपविणे घातकच

घरातील तरुण गर्दच्या आहारी गेला, की कुटुंबाला प्रथम भय वाटते ते लोकापवादाचे. उपचार मागे पडतात आणि सारा दोष मुलाच्या दुबळ्या मनावर ढकलला जातो. शरीरशास्त्र मात्र वेगळेच सांगते. गर्द म्हणजे अशुद्ध हेरॉईन. त्याने मेंदूत डोपामाईनचा पूर येतो. पुढे नित्याचे आनंद फिके पडतात आणि मात्रा वाढत जाते. विवेक सांभाळणारा मेंदूचा पुढील भाग साधारण वयाच्या २५व्या वर्षापर्यंत घडत असतो. आघात नेमका त्यावरच होतो.

हेरॉईन श्वसनही मंदावते. काही आठवडे व्यसन सुटले, की शरीराची सहनक्षमता घटते. मग पूर्वीचीच मात्रा प्राणघातक ठरू शकते. म्हणूनच मुलाला खोलीत कोंडून ठेवणे हा उपचार नव्हे. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ने व्यसनी माणसाला रुग्ण मानले आणि त्याच्या कुटुंबालाही उपचारात सामावून घेतले. हीच दृष्टी घराघरांत रुजली पाहिजे. घराण्याची अब्रू जपताना घरातील मूल गमावणे, ही कसली प्रतिष्ठा?