अशोकारिष्टाची सनद

पनवेलच्या वडाळे तळ्याकाठी सकाळी फेरफटका मारणाऱ्या प्रौढ स्त्रियांच्या बोलण्यात, सुना-नातवंडांचे विषय संपले म्हणजे, आवाज किंचित उतरवून एक विषय निघतो: पाळी जाण्याच्या त्या वर्षांत अंगातून अकस्मात उठणाऱ्या गरम वाफा, मध्यरात्री घामाने भिजणारे अंथरूण आणि कारणावाचून होणारी चिडचिड. त्यावर कोणी वडीलधारी, "अगं, जेवणानंतर दोन चमचे अशोकारिष्ट घेत जा," असा जो फैसला देते, त्याच्यावर अपील सहसा होत नाही.

ज्या गावात वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ साली औषधांचा कारखाना काढला आणि ज्याला राजापूरच्या धूतपापेश्वराचे नाव मिळाले, त्या गावात आसवे-अरिष्टे, म्हणजे आंबवून केलेली औषधे, घरच्या माणसांसारखी वावरावीत हे स्वाभाविकच आहे, आणि त्या आत्मीयतेतून मी स्वतःलाही वगळीत नाही. तथापि भैषज्यरत्नावली या ज्या आयुर्वेदीय ग्रंथाचा आधार अशोकारिष्टाला आहे, त्याने ते मुख्यत्वे प्रदरावर, म्हणजे अतिरिक्त स्रावावर सांगितले आहे. सुश्रुताला रजोनिवृत्ती ठाऊक होती. बाराव्या वर्षी सुरू होणारे रज पन्नाशीला क्षीण होते असे तो सांगतो, पण ही अवस्था प्राचीनांनी स्वतंत्र व्याधी म्हणून गणलेली नाही. तेव्हा गरम वाफांसाठी अरिष्ट घेणारी स्त्री परंपरा पाळते असे म्हणण्यापेक्षा, एका दाव्यात मिळालेली सनद दुसऱ्याच दाव्यात दाखल करते असे म्हणणे अधिक न्याय्य होईल. कायदाही येथे फारसा आड येत नाही: १९४० च्या औषध कायद्याखालील नियमांप्रमाणे, मान्य ग्रंथातील पाठ त्याच ग्रंथोक्त उपयोगासाठी बनविणाऱ्याकडे रुग्णांवरील परीक्षेचा दाखला मागितला जात नाही; आणि शेजारणीच्या सल्ल्याला तर परवानाच लागत नाही.

"पण मला गुण आला ना!" ही कैफियत खोटी नसते. वैद्यकीय परीक्षांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २००४ च्या समीक्षेत, ज्या स्त्रियांना केवळ लटकी, म्हणजे औषध नसलेली, गोळी दिली होती त्यांच्याही गरम वाफा निम्म्याहून अधिक कमी झालेल्या आढळल्या. काळाने ओसरणारा त्रास आणि औषध घेतल्याचा दिलासा यांचे श्रेय बाटलीच्या खात्यावर जमा होऊ नये, एवढ्यासाठीच लटक्या गोळीशी तुलना करावयाची असते. अमेरिकेत तेथील आदिवासींच्या परंपरेतून आलेल्या ब्लॅक कोहोश या मुळीची अशी परीक्षा ३५१ स्त्रियांवर वर्षभर झाली आणि २००६ साली निकाल लागला: लटक्या गोळीहून ती सरस ठरली नाही. आपल्याकडे अश्वगंधेच्या अर्काची आठ आठवड्यांची परीक्षा २०२१ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात लक्षणे लटक्या गोळीपेक्षा अधिक उतरली, परंतु स्त्रिया शंभराच्या आतबाहेर आणि मुदत दोन महिने, एवढ्यावर कायमचा निवाडा देता येत नाही. गरम वाफांसाठी अशोकारिष्टाची मोठी व दीर्घ परीक्षा तर व्हावयाचीच आहे.

ती करणाऱ्याला प्रथम अरिष्टातील अशोकाची साल पारखावी लागेल, कारण खरा सीता-अशोक दुर्मीळ झाल्यामुळे बाजारात त्याच्या नावावर बंगल्यांच्या कुंपणाशी सरळसोट वाढणाऱ्या खोट्या अशोकाची सालही खपते. शिवाय धायटीच्या फुलांनी आंबविलेल्या अरिष्टात पाच ते दहा टक्के मद्यांश असतो, आणि मद्याने कित्येक स्त्रियांच्या वाफा उलट भडकतात; शामक म्हणून घेतलेल्या चमच्याची ही गंमत वैद्यांनीही ध्यानात घ्यावी.

येथवर सारे दोन चमच्यांच्या खर्चाचे आहे. मला भय वाटते ते ग्रंथोक्त उपयोगाचेच. पाळी जाऊन वर्ष लोटल्यावर पुन्हा रक्त दिसले, आणि ग्रंथात स्रावावर सांगितलेले औषध घरातच आहे म्हणून ते सुरू केले, तर गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाला, जो वेळीच सापडल्यास बहुधा बरा होतो, दोन-चार महिन्यांची सवलत दिल्यासारखे होते. प्रत्येक वेळी कर्करोगच निघतो असे नाही. पण त्याची शहानिशा चमच्याने होत नाही. अशा स्त्रीने बाटली कपाटात ठेवून त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावे, सोनोग्राफी करून घ्यावी. आणि तळ्याकाठी फैसला देणाऱ्या वडीलधारीने तिच्यासोबत रिक्षात बसावे.