अवज्ञा : कोणाची, कशासाठी?



महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकाचा जुलै २०२४ मध्ये मांडलेला मसुदा आम्ही बैठकीत मोठ्याने वाचला. 'बेकायदेशीर कृत्य' कशाला म्हणायचं याची जी यादी त्यात होती, तिच्यात प्रस्थापित कायद्याची आणि त्याच्या संस्थांची अवज्ञा करायला उत्तेजन देणं किंवा तसा उपदेश करणं, हेही होतं. म्हणजे करणारी तर अडकलीच, सांगणारीही अडकली. पुढे विधेयक संयुक्त समितीकडे गेलं, बारा हजारांहून जास्त सूचना-हरकती आल्या, कडव्या डाव्या विचारसरणीच्या संघटनांचा उल्लेख उद्देशात घातला गेला आणि जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केलं.

आमचं या विधेयकावर एकमत नाही, हे आधीच सांगून टाकते. गटातली एक मैत्रीण गडचिरोलीची आहे. पोलिस एका बाजूला, बंदूकवाले दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये गावातल्या बाया, असं तिने लहानपणापासून पाहिलंय. असा कायदा हवाच, असं तिचं म्हणणं आहे. तिचा लेख या अंकात एक शब्दही न कापता छापला आहे. 'आपल्या मासिकात हे कशाला?' असं दोघीतिघींनी विचारलं. आपल्याच मासिकात ते छापलं नाही तर ती कुठे लिहिणार? आणि तिला उत्तर देण्याची संधी आपल्याला कुठे मिळणार?

माझं मत तिच्या विरुद्ध आहे. हिंसा करणाऱ्याला पकडायला कायदे आधीच आहेत. 'अवज्ञा' हा शब्द मात्र फार ऐसपैस आहे, आणि आपली सारी परंपराच त्यात बसते.

महाडचंच घ्या. १९२३ साली सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले होते, महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव केला होता. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आणि हजारो माणसं चवदार तळ्यावर पाणी प्यायली तेव्हा कायदा त्यांच्याच बाजूचा होता. त्यांनी मोडली ती रूढी. तरी मार त्यांनीच खाल्ला, आणि तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं. हा भाग आपल्याला पाठ आहे. डिसेंबरमध्ये काय झालं ते आपण फारसं सांगत नाही, आणि मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. सत्याग्रहासाठी लोक पुन्हा जमले, पण त्याआधीच विरोधकांनी कोर्टाकडून तात्पुरता मनाई हुकूम आणला होता. तुरुंगात जायला हजारो तयार होते. परिषदेत वाद झाला. कलेक्टरलाही व्यासपीठावरून बोलू दिलं गेलं. शेवटी बाबासाहेबांनी सांगितलं की कोर्टाचा हुकूम मोडायचा नाही. तळ्याभोवती मिरवणूक निघाली आणि पाण्याला हात न लावता परतली. त्याच परिषदेत, २५ डिसेंबरला, मनुस्मृती जाळली गेली, आणि त्याचा ठराव मांडणारे सहस्रबुद्धे ब्राह्मण होते. तळ्याचा दावा मात्र पुढे दहा वर्षं चालला आणि १९३७ साली हायकोर्टात जिंकला.

म्हणजे एकाच ठिकाणी, एकाच आठवड्यात, एक गोष्ट मोडली आणि एक पाळली. काय मोडायचं, काय पाळायचं, हे जमलेल्या माणसांनी भांडून, ऐकून घेऊन ठरवलं. उद्या कायद्याचं कलम लावणारा अधिकारी हा फरक कसा करणार? त्याच्या हातात शब्द एकच आहे.

आता थोडं आपल्याकडे पाहू. जमावबंदी मोडायची घोषणा देणं सोपं असतं. (जुनं कलम १४४ आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १६३ झालंय, लक्षात ठेवा. सूर्यास्तानंतर बाईला अपवाद सोडून अटक करता येत नाही, हे मात्र कायम आहे.) रेशनच्या प्रश्नावर एका सरकारी कचेरीसमोर बसायचं ठरलं आणि परवानगी नाकारली गेली, तेव्हाची गोष्ट. बैठकीत सगळ्याजणी तावातावाने बोलत होत्या. घरकाम करणाऱ्या एका ताईंनी विचारलं, "बसू की. पण कोर्टाच्या तारखेला कोण येणार? माझे चार खाडे झाले तर काम सुटतं." सगळ्या गप्प झाल्या. मग ठरलं की ज्यांना पगारी रजा मिळते त्यांनी आत बसायचं, नाव-पत्ता देऊन, हात जोडून. बाकीच्यांनी परवानगीच्या जागेत उभं राहायचं. मी आत बसले. तारखा पुढे अडीच वर्षं चालल्या. अवज्ञेची किंमत कोण भरणार, हे ठरवल्याशिवाय अवज्ञा ठरवू नये, हे त्या ताईंनी शिकवलं. ज्याला सरकार 'उत्तेजन' म्हणतं, ते आमच्या बैठकीत असं असतं.

दुसरा प्रश्न पक्षांचा. 'तुम्ही नेमक्या कोणत्या पक्षाच्या?' हे आपल्याला नेहमी विचारलं जातं. दुष्काळाच्या काळात, १९७२ साली, मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त स्त्री समिती उभी राहिली. मृणाल गोरे समाजवादी, अहिल्या रांगणेकर मार्क्सवादी, तारा रेड्डी भाकपच्या. कोणीही आपला पक्ष सोडला नव्हता. तेल, साखर, रॉकेल आणि धान्य यांवर त्या एक झाल्या, आणि कधी कोणत्याच मोर्चाला न गेलेल्या गृहिणी लाटणी-थाळ्या वाजवत रस्त्यावर आल्या. पण हे चित्र फार गोडही करू नये. १९७५ ला आणीबाणी आली, भाकपने तिला पाठिंबा दिला, आणि मृणालताई-अहिल्याताई तुरुंगात गेल्या. लाटणं एक होतं म्हणून सगळी मतं एक झाली नव्हती. तसं झालं असतं तर मला उलट शंका आली असती.

पक्षनिरपेक्ष म्हणजे मत नसलेली, असा अर्थ आपण घेत नाही. आज सत्तेत असलेल्यांनी हे कलम आणलं म्हणून माझा विरोध नाही. उद्या दुसऱ्यांच्या हाती सत्ता गेली आणि त्यांनी ते वापरलं तरी हाच विरोध राहील. आणि आज विरोधात बसलेल्यांच्या मोर्चात आपला फलक घेऊन जायचं की नाही, हाही प्रश्न खुला आहे. माझं मत जाऊ नये असं आहे, गटातल्या निम्म्याजणी जावं म्हणतात.

पुढच्या अंकात या लेखावरची आणि माझ्या या पानांवरचीही पत्रं छापू. पत्र दोन पानांच्या आत असावं. नाव द्यायचं नसेल तर तसं कळवा, पण आम्हाला तरी नाव कळू द्या. लेख लिहिणाऱ्या मैत्रिणीला उद्देशून लिहिताना ती पुढच्या बैठकीला समोर बसणार आहे, हे ध्यानात ठेवून लिहा.